चार्ज जोरात की हळूहळू

तुम्ही हसाल, पण चुकलेल्या कामगाराला कंपनी देते त्या चार्जशीटच्या नावानेच मला तेव्हा घाम फुटायचा. पिंपरीच्या कंपनीत टायपिस्ट होते, कायम व्हायला महिना उरला होता, आणि सकाळीच एक पत्र भलत्या पत्त्यावर धाडलं होतं. तेवढ्यात साहेबांनी बोलावलं. केबिनमध्ये फोरमन तात्याही उभे.

साहेब म्हणाले, "बाई, तुम्हीच सांगा. चार्ज जोरात द्यायचा की हळूहळू?"

मला सकाळचं पत्र आठवलं. "हळूहळू द्या साहेब. जोराचा सोसायचा नाही."

तात्या खूश झाले. "मी तरी काय म्हणतोय साहेब? तुमची स्पोर्ट्स कार महिनोन्महिने उभी. तिच्या बॅटरीला हळू भरणाराच चार्जर घ्या."

साहेबांनी मला तशी ऑर्डर टाइप करायला सांगितली.

बाहेर आल्यावर तात्या हळूच म्हणाले, "डोळे पूस पोरी. चार्ज बॅटरीला द्यायचाय, तुला नाही."