शिवणी ओल्या आहेत

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टरबाई, सत्कारमूर्ती साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, व्यासपीठावरील मान्यवर, आणि आमच्या लाँड्रीत कधी ना कधी एक तरी बटण गमावलेल्या तमाम ग्राहक बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. आयुष्यभर इस्त्री केली, भाषण कधी केलं नाही, तेव्हा कुठे सुरकुती राहिली तर सांभाळून घ्या.

आज लाँड्रीची किल्ली माझ्या हातात देऊन साहेब लेकीकडे राहायला चालले आहेत. निमंत्रणपत्रिकेवर त्यांच्या नावाखाली छापलंय, 'शत्रूच्या वेढ्यात शरणागती धुडकावणारे सेनानी.' ते अगदी खरं आहे. पण ती कशी धुडकावली, हे छापलेलं नाही. त्यात माझा एक गुन्हा आहे. एकतीस वर्षं तो मी साहेबांना सांगितला नाही. आज गाडी सुटायच्या आत सांगणार आहे.

सेनानी म्हटलं की आपल्याला तोफा दिसतात. आमच्याकडे चार हौद, दोन भट्ट्या आणि अकरा इस्त्र्या होत्या. फौजेचा धुलाई विभाग आम्ही, बावीस माणसं. मुक्काम एका बंद पडलेल्या शाळेत, वाळत घालायला तिची गच्ची. अध्यक्षबाईंच्या लष्करी इस्पितळाच्या चादरी आमच्याकडे यायच्या. साहेबांची शिस्त अशी, की प्रत्येक कपडा ते तळहाताच्या उलट्या बाजूने स्वतः चाचपणार, मगच तो वाळला म्हणायचा. आणि खोटं बोलणं त्यांच्या स्वभावातच नाही. एकदा मी एका अधिकाऱ्याचा सदरा जाळला, तर धग लागलेली जागा दाखवायला हे स्वतः गेले आणि वर शिव्या खाऊन आले.

तर एका सकाळी बघतो, शाळेला चहूबाजूंनी वेढा. तीनशे माणसं. त्यांचा कप्तान फाटकाशी आला आणि म्हणाला, "दुपारी बारापर्यंत शरण या, नाहीतर एकही जिवंत सुटणार नाही."

साहेब हात पुसत बाहेर गेले. म्हणाले, "आज जमणार नाही. इस्पितळाच्या चादरी ओल्या आहेत."

कप्तानाला वाटलं, हा माणूस वेडा तरी आहे किंवा फार मोठा योद्धा. मला विचाराल तर दोन्ही. त्याने बंदूक काढली. साहेब त्याच्या गळ्याकडे बघत होते. "ही कॉलर घालून तुम्ही आमचा ताबा घेणार?" ते म्हणाले. "उद्या वर्तमानपत्रात फोटो येईल. तुमच्या आई बघतील."

आता सांगा, पाच आठवडे चिखलात लोळलेल्या माणसाला हे कुठे लागलं असेल? कप्तानाने नकळत कॉलर आत दुमडली. अर्ध्या तासात करार झाला. आम्ही त्यांचे तीनशे गणवेश धुऊन द्यायचे, तोवर त्यांनी गोळी झाडायची नाही, मग पुढचं बघू. साहेबांनी शब्द दिला, "वाळले की त्याच क्षणी परत."

इथे माझा गुन्हा सुरू होतो.

दुसऱ्या दिवशी असं कडक ऊन पडलं, की दुपारपर्यंत गणवेशांचे पापड झाले. माझ्या डोळ्यांसमोर आम्ही बावीस जण उभे राहिले. तेवढ्यात खालून साहेबांची हाक आली, "वाळले का रे?" शेजारी कप्तान बनियनवर उभा. आणि मंडळी, जगातला प्रत्येक इस्त्रीवाला गिऱ्हाइकाला जे सांगतो, तेच माझ्या तोंडून गेलं. "नाही साहेब, शिवणी ओल्या आहेत."

मग पाण्याचा तांब्या घेतला आणि एकेका शिवणीवर शिंपडत बसलो. तिसऱ्या दिवशी सांगितलं, खिसे ओले आहेत. कप्तान कुरकुरला, पण बनियनवर ताबा घेतला तर फोटोचं काय, हा प्रश्न त्यालाही सुटेना. भीती मला त्याची नव्हती. भीती होती, साहेब वर येऊन हात लावतील. त्यांना कळलं असतं, तर दिल्या शब्दाखातर त्यांनी ते कपडे तिथल्या तिथे परत केले असते, आणि मग आमचे बावीस मुडदे. पण नेमका त्याच दिवसांत साहेबांचा गुडघा धरला, जिना चढवेना. मी मनात त्या गुडघ्याचे पाय धरले.

इकडे आम्ही वेढ्यात आहोत हे मुख्यालयाच्या गावीही नव्हतं. ते कळलं अध्यक्षबाईंना. दोन दिवस चादरी आल्या नाहीत म्हणून त्यांनी असा काही थयथयाट केला, की तिसऱ्या दिवशी दुपारी पलटण आली. येऊन बघते तर सगळे बनियनवर. आम्ही कामामुळे, ते नाइलाजाने. पलटणीचा अधिकारी ओरडला, "शत्रू कोण आहे, हात वर करा." एकानेही हात वर केला नाही. मी तरी कशाला करू? गोळी कुणावर झाडायची ते कळेना, म्हणून झाडलीच नाही. शेवटी कप्तानानेच बंदूक खाली ठेवली आणि मला विचारलं, "आता तरी वाळले का?" मी म्हटलं, "वाळले." ते कडक इस्त्रीत कैद झाले. कुणीही मेलं नाही.

चौकशीत साहेबांवर ठपका आला, शत्रूला धुलाई पुरवली. पदक राहिलं, नोकरी गेली, आणि आपल्याला ही लाँड्री मिळाली. गुडघा मात्र कायमचा गेला. काठी आली, पुढे लाँड्रीच्याही गच्चीवर ते कधी चढले नाहीत.

साहेब, तुमचा शब्द मी मोडला. कपडे दुसऱ्याच दिवशी वाळले होते. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात आणि मी तुम्हाला फसवलं. याचं मला फार वाईट वाटत आलंय. माफ करा.

काय म्हणालात? जरा माईककडे या. ...मंडळी, साहेब म्हणतायत, त्यांच्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

वर आले असते तर हात लावावा लागला असता, म्हणून आले नाहीत. आणि पुढे मला कधी कळू नये म्हणून एकतीस वर्षं लंगडले. मला वाटायचं, हे ओझं मी एकटाच वाहतोय.

वहिनी काही विचारतायत. "मग रोज सकाळी मी तेल कशाला चोळत होते?"

याचं उत्तर साहेबांनी प्रवासात द्यावं. आपण सगळे आलात, ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर आपण मला माफ करा, आणि वहिनी, जमलं तर तुम्ही त्यांना.