समोर एकच मूल

असं टक लावून बघू नकोस गं आजोबाकडे — बघ, बघ, पण अधूनमधून डोळे तरी मिचकव. भूक लागलीय? बिस्किट? नको. शू? तीही नको. बरं. तुझ्या आईला त्या दारातून आत नेलं तेव्हापासून तू चकार शब्द काढला नाहीस, आणि मी आपला बडबडतोय. लोकांना वाटतं, याला काय, हा टीव्हीवरचा गप्पूकाका — उभा जन्म मुलांशी बोलण्यात गेला, एका नातीला खेळवणं म्हणजे डाव्या हातचा मळ! ती मघाची नर्सबाई काय म्हणाली? "अय्या, लहानपणी रोज बघायचे तुम्हाला, तुम्ही आहात म्हणजे हिची काळजीच नको." काळजीच नको म्हणे!

तुला सांगू? तिथं मुलं नसायचीच. खरंच! एक थंडगार खोली, डोळ्यांवर भगभगीत दिवे, समोर कॅमेरा, आणि मागे एक टकला माणूस, सारखा जांभया देणारा. "काय दोस्तांनो, दूध प्यालात का?" — हे मी त्या टकल्याला विचारायचो! मग कान असा पुढे करायचा, जरा थांबायचं — "शाब्बास!" कोण बोललं होतं? कुणीच नाही. एकदाच खरी मुलं आणली, तर एकानं विचारलं, "काका, तुम्ही मेलात तर मग कोण येणार?" मी घाईघाईनं गाणंच सुरू केलं. म्हटलं, बाबांनो, परत मुलं आणू नका. खरं उत्तर मागतात ती — तू मागतेयस तसं. पुढे चॅनेलवाल्यांनी कार्टून आणली. ती कशाला घाबरतायत असल्या प्रश्नांना? गप्पूकाका बसले घरी.

पण त्याआधीही, हसू नकोस हं, रोज पाचावर धारण! घरातून निघताना चपलेत पाय जाईना. तुझी आई तुझ्याएवढी होती. दारात येऊन म्हणायची, "बाबा, घाबरायचं नाही. मी टीव्हीसमोरच बसते. तुम्ही माझ्याशीच बोला." मग काय, त्या काचेच्या भिंगात मी तिलाच बसवलं. गाणी, गोष्टी, सगळं तिला. तिचं लग्न झालं तरी तिलाच. बाकीच्या मुलांनी नुसतं ऐकलं गं. आणि आज तीच आत पोट उघडून पडलीय, आणि मी कुणाशी —

नाही, नाही. पोट कुठे म्हणालो मी? तपासायला नेलंय, सकाळी सांगितलं ना? असा ओठ काढू नकोस. बरं, ऐक. गाठ आहे पोटात. ती काढतायत. वाईट आहे का? माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही, उघडल्यावरच कळेल म्हणाले. आई येईल ना, हेच विचारतेयस? — मला... मला नाही माहीत, बाळा. मला फार भीती वाटतेय. हात दे तुझा. अगं, किती गार पडलीयत बोटं. तुलाही वाटतेय होय? मग सांगायचं नाही का, वेडे! ये, अशी चिकटून बस.

दार वाजलं. डॉक्टरच. तू बघ त्यांच्याकडे, मला नाही बघवत. काय, डॉक्टर? निघाली? सगळी? साधीच होती? ... शुद्धीवर आलीय, आणि हिला विचारतेय?

जा, बाळा, डॉक्टरांचं बोट धर. मलाही बोलावलंय? येतो ना, येतो — ही बिस्किटं जरा आवरतो... तू हो पुढे. थांबू नकोस माझ्यासाठी. पळ!