संत्र्याच्या सालींचं उटणं

तुम्ही बाजारातलं उटणं आणता म्हणून आठवलं. सत्तरच्या दशकात लग्न होऊन मी अल्लीपूरला आले, तेव्हा सासूबाईंची मला भारी भीती वाटायची. पहिल्या दिवाळीआधी मी अंगणात संत्र्याच्या साली वाळत घातल्या, तर त्या कडाडल्या, "हा कचरा काऊन वाळू घालून राह्यली व?"

"उटणं करतो, आत्याबाई." सासूबाईंना आम्ही आत्याबाईच म्हणायचो.

साली कुटून त्यात बेसन, हळद आणि साय कालवली, पण भुकटी चाळायची राहूनच गेली. दिवाळीच्या सकाळी सासूबाईंनी स्वतः साऱ्यांना उटणं लावलं. आमचे हे तर ओरडलेच, "माय, सोलून काढतं का मले?"

वाटीत थोडं उरलं होतं. मी धीर करून विचारलं, "आत्याबाई, तुमची पाठ चोळून देऊ?"

"मले कायले पाह्यजे?" असं म्हणाल्या, पण पाटावर बसल्या.

मी चोळायला लागले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. घाबरून मी हात मागे घेतला. "झोंबलं का, आत्याबाई? भरड राह्यलं जी ते."

"नाई व पोरी," त्या मागे न वळता म्हणाल्या. "माय गेल्यापासून कोनं माही पाठ चोळलीच नाई. चोळ तू. जोरानं चोळ."