नळावर आतून आलेले ठोके

जबाब देणार: खाणीतील गवंडी (नाव त्याच्या विनंतीवरून वेगळ्या कागदावर घेतले आहे), वय ४४ वर्षे, धंदा खाणीत वीटकाम, राहणार खाण वसाहत, पाण्याच्या टाकीमागे.

मी ठाण्यात स्वतःहून येऊन सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी व सासूबाईंसह राहतो. माझा मेहुणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, त्याच कोळसा खाणीत पंपावर आहे. पंप जुन्या बोगद्याच्या टोकाला आहे. साचलेले पाणी उपसत तो दिवसभर तिथे एकटा बसतो, म्हणून सगळे त्याला बेडूक म्हणतात.

आज सकाळी मी तिकडची डागडुजी आटोपून वर निघालो असता त्याने हाक मारली. त्याच्या टोपीवरचा दिवा मंदावला होता. पंपाशेजारी विजेचा बल्ब असल्याने त्याचे अडत नव्हते. तो म्हणाला, "दाजी, एवढा दिवा बदलून पाठवा. बहीण दिलीय तुम्हाला, एवढं तर कराल." मी म्हणालो, की ती परत घेत असशील तर दोन दिवे पाठवतो. दिवा असा दुसऱ्याच्या हाती द्यायला मनाई आहे, पण सगळेच देतात. वर येऊन मी तो दिव्यांच्या खोलीच्या खिडकीत ठेवला. बदली दिवा मिळायच्या आतच भोंगा झाला.

जुन्या बोगद्यात ढासळून पडलेला कोळसा पेटला होता. असे होते. सुट्या कोळशाला हवा लागत राहिली की तो आतल्या आत तापतो आणि काडी न लावता धुमसू लागतो. नियमाप्रमाणे त्या भागाची वीज तोडली व माणसे वर आली. आमच्याकडे अशा वेळी माणसे मोजत नाहीत, दिवे मोजतात. खाली गेलेले सगळे दिवे परत आले, की खाण रिकामी झाली असे धरतात. दिव्यांची मोजणी पुरी भरली, तेव्हा मॅनेजर साहेबांनी बोगद्याचे तोंड विटांनी बंद करायला मला खाली पाठवले. हवा तुटली तर आग विझते, नाहीतर स्फोट होतो. साहेबांनी काही वावगे सांगितले असे माझे म्हणणे नाही.

निघताना मी दिवेवाल्याला मेहुण्याचे विचारले. तो म्हणाला, दिवा जमा आहे. माझा जीव भांड्यात पडला. तो दिवा मीच जमा केला होता, हे माझ्या डोक्यात आले नाही. का आले नाही, असे हवालदार साहेबांनी मला दोनदा विचारले. मी घाबरलो होतो, असे मी दोन्ही वेळा सांगितले.

भिंत डोक्याच्या वर गेली होती. पंपाचा लोखंडी नळ त्या भिंतीतून बाहेर येतो. त्या नळावर मला आतून ठोके ऐकू आले. माझ्यासोबत खाली आलेला मुकादम म्हणाला, आचेने कोळसा तडकतोय, हात चालव. कोळसा तडकतो हे खरे आहे, मी पुष्कळदा ऐकले आहे. म्हणून मी थापीच्या मुठीने नळावर ठोकले. आतला आवाज बंद झाला. मी थांबलो, तसा तो पुन्हा सुरू झाला. कोळसा असा कुणाचे ऐकून घेत नाही. तेव्हा मला दिवा आठवला. वीज तोडलेली, त्याच्याजवळ दिवा नाही. त्याला वाट दिसलीच नसणार.

मी मुकादमाला सगळे सांगितले. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता उघडलं तर आपण सगळे जाऊ. तुला जमत नसेल तर थापी इकडे दे." थापी दिली असती तर त्याने भिंत पक्की केली असती. म्हणून मी दिली नाही. शेवटचा थर मी चुन्यासिमेंटशिवाय, नुसत्या विटा रचून बसवला आणि बाहेरून ओला हात फिरवला. धुरात ते कुणाला दिसले नाही.

वर येऊन मी मॅनेजर साहेबांना सांगितले. ते म्हणाले, दिवा जमा आहे, तुझ्या मनाचे खेळ आहेत. संध्याकाळी त्या भिंतीपुढे दुसरी भिंत घालून मध्ये वाळू भरणार आहेत. मी तिथून सरळ इथे आलो. घरी गेलेलो नाही. पत्नी भावाचे विचारील, त्याची मला भीती वाटते.

वरचा थर हाताने निघतो, हे आतापर्यंत फक्त मला ठाऊक होते. त्या फटींतून आत हवा जात आहे. ती मेहुण्याला पुरेल तशी आगीलाही पुरेल. आधी कुणाला पुरेल, ते मला माहीत नाही. विटा काढायला मी स्वतः पुढे होईन. मात्र माणसे आत्ता पाठवावीत.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसेच त्यात उतरले आहे. खाली सही करून मी लगेच खाणीकडे निघत आहे.