पूजेत ठेवलेली कादंबरी

तुम्हीच सांगा, नऊशे पानांची रशियन कादंबरी तीन महिने वाचावी आणि शेवटची चाळीस पानं उरली असताना सरस्वतीपूजा यावी, याला काय म्हणायचं? अम्मानं शाळेच्या पुस्तकांबरोबर तीही पूजेत मांडून चंदन-कुंकू लावलं.

"अम्मा, ती अभ्यासाची नाही गं!"

"पुस्तकच ना? उद्या विजयादशमीची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही."

कादंबरीतला थोरला मुलगा बापाला क्षमा करतो की नाही, या काळजीनं मला जेवण जाईना. पापनाशमहून आलेल्या मामांना माझं उतरलेलं तोंड पाहवेना; त्यांनी विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं.

"एवढंच ना, कण्णा? मी कॉलेजात वाचलीय ती."

आणि त्यांनी शेवट अगदी रंगवून सांगितला. मोठ्यांना मध्येच थांबवायचा धीर मला झाला नाही.

सगळं सांगून झाल्यावर मामा म्हणाले, "आता उद्या निवांत वाच!"