हॉर्न वाजला म्हणून आलेल्या बायांबाबत

मी सिदू हरिबा उंबरे, वय २२, धंदा वायरिंगची व मिळतील ती कामे, मूळ रा. परंडा, हल्ली मुक्काम टँकरवरच, समक्ष हजर राहून माझ्या हातानं जबाब लिहून देतो की, हा जबाब परवाच द्यायचा होता. हवालदारसाहेबांनी कागदही दिला होता. तो खिशात घालून मी तुळजापूरला जाऊन आलो. तिथं काम काही नव्हतं.

सोसायटीचा पाण्याचा टँकर रोज ढगेवाडीला जातो. महालिंगप्पा ड्रायव्हर आहेत, मी क्लीनर. इंजिन तापल्याचं दाखवणारा काटा मोडलाय. चढावर सायलेन्सर लाल होतो तरी केबिनमध्ये कळत नाही. मी आधी बार्शीत इस्त्र्या दुरुस्त करायचो, त्याआधी तेरखेड्यात फटाक्यांच्या वाती वळायचो, तिथले मालक एका कानानं बहिरे, पण साहेब म्हणतात मुद्द्याचं लिही. इस्त्रीत एक पट्टी असते, तापली की वाकते. तसली पट्टी मी सायलेन्सरच्या पाइपाला आवळून बॅटरीची वायर दिली. वाकून टेकली की दिवा लागायचा. उन्हात तो दिसेना. महालिंगप्पा म्हणाले, दिवा बघू का रस्ता बघू. म्हणून वायर हॉर्नला जोडली. सोसायटीला विचारलं नव्हतं.

ढगेवाडीत पारापाशी टँकरचा हॉर्न दिला की बाया घागरी घेऊन येतात. ढगेवाडीच्या अलीकडं चढाच्या पायथ्याला बौद्ध वस्ती आहे. तिथं टँकर थांबत नाही.

मंगळवारी दुपारच्या उन्हानं चढ लागायच्या आधीच, नेमकी वस्तीसमोर पट्टी टेकली. हॉर्न वाजायचा थांबेना. महालिंगप्पांनी गाडी उभी करून बॉनेट उघडलं. मी वायर ओढायला खाली शिरलो, हात भाजला. बाहेर आलो तर बाया रांगेत उभ्या. ढकलाढकली नव्हती. पुढं सरुबाई होत्या. त्यांनी विचारलं,

"आमच्यात बी सुरू झाला व्हय टँकर?"

मी "व्हय" म्हणालो.

फिर्यादी ढगेवाडीचे सरपंच आबाराव यांनी लिहून दिलंय की सरुबाईंनी दमदाटी करून टँकर लुटला. त्यावरून सरुबाईंना कालपासून ठाण्यात बसवलंय. कॉकची चावी केबिनमध्ये असते. ती मी आणली, कॉक मी उघडला. हे मला कुणी विचारलं नाही, तरी लिहितो. महालिंगप्पांनी पाहिलं नाही. पाहिलं असेल तर बोलले नाहीत. ढगेवाडीला त्या दिवशी पाणी गेलं नाही, हेही खरं आहे.

वरचं सगळं साहेबांनी मोठ्यानं वाचलं, सरुबाईंनीही ऐकलं. मी सांगतो तसंच आहे. ता. १६ मे १९८६.

सही करायच्या आत लिहितो की, आबारावांच्या आई मथुराबाई ढगेवाडीहून पायी आत्ताच आल्यात. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. बाकावर न बसता सरुबाईंशेजारी फरशीवर बसल्या. साहेबांना म्हणाल्या, "पाणी आमी भरतो. फिर्याद करताना आमाला कुणी इचारलं?"

साहेबांनी नवा कागद घेतलाय.