बियांकाचं बारसं

तुम्ही हसाल, पण आमच्या अवधपुरीच्या घरात कुत्रीचं बारसं झालंय. पिल्लू आणलं तेव्हा माझी मुलगी रेवा म्हणाली, "पप्पा, नाव इटालियन पाहिजे. कॉलनीत सगळ्याच ब्राउनी झाल्यात." तिने बियांका ठरवलं. तेवढ्यात इंद्रपुरीहून माझी मोठी बहीण आली.

"हिला मुलगी म्हणतोस ना? मग मी आत्या. नाव ठेवायचा मान माझा, साडीही माझी."

"ताई, नाव इटालियन आहे."

"असू दे. कानात मीच सांगणार."

झालं. रविवारी ताईने पिल्लाला मांडीवर घेतलं, वाकून कानात "कुर्र, बियांका" म्हटलं, आणि रिवाजाप्रमाणे आम्ही सगळ्यांनी ताईच्या पाठीत धपाटे घातले. लहानपणी ताईने माझ्या बऱ्याच चुगल्या केल्या होत्या, त्यामुळे माझा हात जरा मोकळाच सुटला.

आता कुत्रीला काय माहीत रिवाज? तिला वाटलं, हे लोक मिळून या बाईला मारताहेत. तिने माझा पायजमा जो धरला, तो गुडघ्यापर्यंत फाडूनच सोडला.

ताई शांतपणे उठली. "लहानपणापासून तू मला धपाटे घालतोयस आणि आई बघत बसायची. आज पहिल्यांदा कोणीतरी माझ्या बाजूने उभं राहिलं."

तिने साडी घेतली, बियांकाला काखेत धरलं आणि सरळ इंद्रपुरी गाठली.

आता आम्हीच बियांकाला भेटायला तिकडे जातो. रेवा थेट आत जाते. मला ताई गेटवरच थांबवते आणि म्हणते, "आधी हात मागे बांध."